वस्तीची तार आणि हलणारं चित्र

रविवार, २५ फेब्रुवारी १९९०. सकाळी पावणेनऊ. शाळेचा मोठा वर्ग.

हजर: १. सरपंच. २. मुख्याध्यापक. ३. सोसायटीचे चेअरमन. ४. वायरमन. ५. पिठाच्या गिरणीचे मालक. ६. मी. गावातले पुरुष अंदाजे साठ, बायका पंचवीस, पोरं मोजली नाहीत. बाहेर ओट्यावर, खिडकीशी: वस्तीवरचे अकरा जण, त्यांत रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री.

माझ्या वहीतली ही नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. घरात त्यावरून थट्टा होते. नवरा म्हणतो, तू देवाचं नावसुद्धा क्रमांक घालून घेतेस. पण या सवयीमुळे माझ्या हातून वस्तू हरवत नाहीत, आणि गावातल्या टीव्हीच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे न राहता माझ्याकडे आली ती त्यामुळेच.

तेव्हा मी त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवत होते. बिऱ्हाड पूर्णेला, नवरा रेल्वेत. रोज पॅसेंजरनं चुडाव्याला उतरायचं आणि पुढं अर्धा तास चालायचं. किल्ली माझ्याकडे असल्यामुळे रविवारीसुद्धा जावं लागे. रविवारी सकाळी नऊला पौराणिक मालिका असायची. पंचायतीला मिळालेला रंगीत संच शाळेच्या मोठ्या वर्गात ठेवलेला होता. लोक आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून येत. संचाला हार घालत, उदबत्ती लावत. पडद्यावर देव आले की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात जोडत.

नव्वदच्या जानेवारीत चित्र बिघडलं. बिघडलं म्हणजे गेलं नाही, हलायला लागलं. घड्याळाचा काटा पुढं सरकावा तसं नेमानं उडायचं. पडदा लपलपायचा, आडव्या पांढऱ्या रेघा यायच्या, माणसं मानेपासून तुटून वर सरकायची. आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. धनुर्धारी बाण ओढायचा, तेवढ्यात पडदा उडायचा, आणि पडदा ठरेपर्यंत समोरचा मेलेला असायचा.

"मारला कोनं?" पुढची म्हातारी विचारायची.

"सरपंचानं," मागून कुणीतरी म्हणायचं, आणि सरपंचही हसायचे. पहिले दोन रविवार लोक असे हसले. तिसऱ्या रविवारी हसणं थांबलं. संचाच्या पाया पडून आलेल्या माणसाला देव तुटलेला दिसणं बरं वाटत नाही.

मी वहीत पान केलं. वर्गात मी शिकवत असे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. आधी बघायचं, मग बदलायचं, मग परत बघायचं. तसंच केलं. २१ जानेवारीला अँटेना. एक जण पत्र्यावर चढून बांबू फिरवत होता, आणि खालून साठ माणसं एकदम ओरडत होती. "आलं! आलं! गेलं! आरं, मागं घे!" फरक नाही. २८ला अँटेनाचा बूस्टर काढून पाहिला. फरक नाही. ४ फेब्रुवारीला चेअरमनच्या घरचा स्टॅबिलायझर आणून लावला. फरक नाही. ११ला लांब वायर लावून दुसऱ्या खोलीतल्या बटणावरून वीज घेतली. फरक नाही.

त्या ११ तारखेला खिडकीतून मिस्त्री बोलले होते.

मिस्त्रींबद्दल सांगायला हवं. वय माझ्याएवढंच, चाळिशीच्या आसपास. तरुणपणी नांदेडला एका रेडिओच्या दुकानात कामाला होते, तिथं शिकले. सगळ्या गावाचे रेडिओ तेच दुरुस्त करत. गिऱ्हाईक वस्तीत जाई, त्यांच्या उंबऱ्यावर रेडिओ ठेवी, उभ्यानंच बोले आणि परत येई. पाणी कुणी मागत नसे, तेही विचारत नसत. अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाचं नाव बदलायच्या ठरावानंतर, या वस्तीवरची घरं जाळली होती. मी या गावात चौऱ्याऐंशीला आले. गाव त्या प्रकाराला नुसतं 'त्या वर्षी' म्हणे, पुढं कुणी बोलत नसे. मिस्त्रींच्या घरावर पत्रे त्या वर्षानंतर आले, तेवढं मात्र दिसत होतं.

वस्तीवरची माणसं मालिका ओट्यावरून बघत. आत येऊ नका असं कुणी म्हणत नसे. ती येत नसत. मी जेवढ्या याद्या केल्या, त्यांतल्या एकीतही ही गोष्ट मी घेतली नव्हती.

तर ११ तारखेला मिस्त्री खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "बाई, मागची फळी काढून बगू द्या एकडाव. धा मिन्टं लागत्याल."

सरपंचांनी मान न वळवता सांगितलं, "मिस्तरी, तिथनंच सांग की काय ते. डाक्टर न्हाई का दुरूनच जीभ बगत."

लोक हसले.

"जीभ दुरून दिसती मालक," मिस्त्री म्हणाले, "नाडी न्हाई दिसत."

यावर कुणी हसलं नाही. मी वहीत लिहिलं: 'मिस्त्रींनी पाहण्याची तयारी दाखवली. झालं नाही.' किल्ली माझ्या हातात होती. कपाट माझ्या ताब्यात होतं. फळीचे चार स्क्रू काढायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. तरी मी असं लिहिलं, जणू पाऊस आला म्हणून खेळ रद्द झाला.

१८ला पूर्णेहून एक मेकॅनिक आणला. त्यानं फळी काढली, ब्रशनं धूळ झाडली, तार हलवून पाहिली आणि म्हणाला, "संचात खोट न्हाई. लाइनच खराब हाय."

गावाला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, एकच. तिथून एक तार गावात, एक शाळेकडे, एक गिरणीला. आणि दोन वर्षांपूर्वी घरटी एक बल्बाच्या योजनेतून वस्तीला तार गेली होती.

"लाइन खराब कवापासून झाली?" चेअरमननी सगळ्यांना विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "वस्तीवर तार गेली तवापासून."

मी म्हणाले, "तार जाऊन दोन वर्षं झाली. चित्र जानेवारीत बिघडलं."

"जानेवारीतच त्यानं ईजेवरची कई आनली की बाई, डाग लावायची. संक्रांतीला. इचारा त्याला."

हे खरं होतं. मिस्त्रींनी संक्रांतीच्या सुमारास तारांचे जोड डाग देऊन पक्के करायची, विजेवर तापणारी कई आणली होती. त्याआधी ते कोळशावर तापवायची वापरत.

"तिकडं औरंगाबादला नाव बदला, नाव बदला," मागून कुणी म्हणालं, "न् हितं आमचे देव हालायलेत." यावर मात्र मोठा हशा झाला. ओट्यावरची माणसं पडद्याकडेच बघत राहिली.

पुढची चाचणी मीच लिहिली. क्रमांक सहा: वस्तीची तार सोडवून बघणे. मला ते शास्त्रीय वाटलं. खोट नसेल तर नाही दिसणार, नावं ठेवणाऱ्यांची तोंडं बंद होतील, असंही मी मनाशी म्हटलं होतं. ते मी खरंच म्हटलं होतं की आता चार वर्षांनी म्हणते आहे, हे नक्की सांगता येत नाही. वहीत तसं काही नाही.

२५ तारखेला घाई होती. मंगळवारी मतदान होतं. सोमवारी मला निवडणुकीच्या कामाला जायचं होतं आणि वायरमनला त्याच सकाळी दोन गावांतल्या केंद्रांची वीज तपासायची होती. तो आला तो थेट खांबावर चढला. मी संच लावायच्या आधीच त्यानं वस्तीची तार सोडवून खांबाला गुंडाळली होती. खाली उतरून हात झटकत म्हणाला, "हं, लावा बाई."

मी संच लावला. चित्र आलं आणि तसंच राहिलं. एकदाही हललं नाही. तास संपेपर्यंत एक रेघ आली नाही. बाण सुटताना दिसला, जाताना दिसला, लागताना दिसला. म्हाताऱ्या रडल्या. सरपंचांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले. गिरणीचे मालक पहिल्या रांगेत होते. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला टिळा. त्यांना खुर्ची मीच दिली होती, कारण ते प्रथमच आले होते.

वायरमन म्हणाला, "तोंडी चालत न्हाई. तक्रार लिहून द्या, तवाच तार सोडलेली ऱ्हाईल. न्हाईतर सांजच्याला जोडावी लागंल."

मुख्याध्यापक म्हणाले, "किल्ली तुमची, यादी तुमची, सही बी तुमचीच करा बाई."

मी लिहिलं: 'वस्तीकडे जाणाऱ्या तारेमुळे शाळेतील संचात व्यत्यय येतो. खात्री केली आहे.' खाली सही, तारीख. 'खात्री केली आहे' हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझे शब्द.

सोमवार-मंगळवार गेले. बुधवारी शाळा सुटल्यावर मी स्टेशनाच्या वाटेला लागले. फाट्याजवळ मिस्त्री उभे होते. खांद्याला कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर.

"बाई, रविवारी अमुशा होती," ते म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"मग?"

"अमुशाला गिरनी बंद असती."

मी उभी राहिले. मला हे माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. आमच्या भागात अमावास्येला बैल जुंपत नाहीत, सुतार वाकस उचलत नाही, आणि गिरणीवाला पट्टा चढवत नाही. त्या दिवशी दगड उघडून त्यांना टाकी मारतात. एवढं नेहमीचं की कुणी ते बोलतही नाही. माझ्या नोंदीत तारीख होती, वार होता, वेळ होती. तिथी नव्हती. आणि हजर माणसांत पाचव्या क्रमांकावर गिरणीचे मालक होते. एरवी रविवारी सकाळी ते गिरणीवर असत, कारण रविवारची वीज सकाळीच असे आणि दळणाची रांगही तेव्हाच. ते वर्गात बसलेले असणं म्हणजे गिरणी बंद असणं. मी ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि वाचलं नव्हतं. आधी बघायचं, मग बदलायचं, हेही त्या दिवशी झालं नव्हतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, आणि मी एकीवर सही केली होती.

"चला," मिस्त्री म्हणाले. "तुमची गाडी साडेसाला हाय. तवर व्हतंय."

ते पुढं, मी दहा पावलं मागं. तसंच चालावं लागे, आणि आम्हां दोघांनाही ते सांगावं लागलं नाही. त्यांनी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावला. नुसती खरखर. त्या खरखरीत एक बारीक ठोका. टक. टक. टक. वस्तीकडच्या खांबाखाली तो जेमतेम ऐकू येत होता. तिथली तार तर सुटलेलीच होती, तरी ठोका होता. शाळेच्या खांबाशी स्पष्ट झाला. गिरणीच्या रस्त्याला लागलो तसा वाढत गेला. गिरणीपुढं पोहोचलो तेव्हा रेडिओ असा ठोकत होता की दळणाच्या रांगेतल्या बायकांनी डोक्यावरचे डबे सावरत मागं वळून पाहिलं.

मिस्त्री दाराबाहेरच थांबले आणि बोट दाखवलं. "पट्ट्याचा जोड बगा. पिना ठोकल्यात. जोड चाकावर आला की पट्टा सरकायलाय. मोटरीला दम लागायलाय न् तिथं वर, स्टार्टरच्या पेटीत, ठिनगी पडायलीय. मोजा तुमी."

मी घड्याळ लावून मोजलं. जोड चाकावर येई आणि रेडिओ टक करी. दुसऱ्या मिनिटालाही तेच. पट्टा जानेवारीत तुटला होता, तेव्हा तो पिना ठोकून जोडला होता, हे रांगेतल्या एका बाईनंच सांगितलं.

परत फाट्यावर आल्यावर मिस्त्री म्हणाले, "म्या वायरमनला इचारलं. त्यो म्हन्ला, ज्येनं तक्रार केली त्येनं कागद मागं घ्यावा, अर्ध्या घंट्यात तार जोडतो. रेडिओचे पाच संच पडल्यात माझ्याकडं. कई कोळशावर तापवायलोय, पन संच चालू करून बगायला ईज लागती. ईज न्हाई तर मी कायचा मिस्त्री?"

"बघते," मी म्हणाले.

"बगू नका, लिवा बाई. दोन वळी."

मी गाडीत बसून सगळं लिहिलं. ठोके, खांब, पिना, सगळं. कागद मागे घ्यायच्या दोन ओळी सोडून.

४ मार्चचा रविवार. गिरणी चालू. नऊ वाजून पाच मिनिटांनी चित्र उडालं आणि उडतच राहिलं. वर्गात क्षणभर शांतता. मग चेअरमन उठले.

"आकडा टाकला! तार काडली म्हनून आकडा टाकला त्यानं!"

माणसं उठायला लागली. मी सरपंचांजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "मालक, गिरणी पाच मिनिटं बंद करून बघू या का?"

सरपंच मोठ्यानं म्हणाले, "ऐका! बाई म्हनत्यात गिरनी बंद करा. दळन थांबवू का? सांजच्या भाकरी तुमी थापताव का समद्या गावाच्या?"

लोक हसले. मी जागेवर जाऊन बसले. एवढंच झालं. एक वाक्य हळू बोलले, ते हसण्यावारी गेलं आणि दुसरं मी बोलले नाही. वही माझ्या मांडीवर होती. बुधवारचं पान उघडून मी ते मोठ्यानं वाचायला हवं होतं. वाचता येण्याएवढी शांतता एकदा होती.

पंधरा-वीस जण वस्तीकडे गेले. मालिका चालू होती. मी संच बंद केला, कपाटाला कुलूप लावलं आणि मागून वळणापर्यंत गेले. त्याच्या पुढं नाही. तिथून दिसत होतं. खांबावर आकडा नव्हता. त्यांनी पत्र्यावर चढून पाहिलं, घरामागं पाहिलं, आकडा कुठंच नव्हता. मग ते मिस्त्रींच्या घरात शिरले.

दुरुस्तीचे रेडिओ अंगणात येऊन पडायला लागले. मिस्त्रींना दोघांनी भिंतीशी धरून ठेवलं होतं. त्यांची बायको दारात उभी होती. ती ओरडली नाही. चढ्या, कोरड्या आवाजात म्हणाली, "फोडा. पन आदी चिट्टी वाचा. हरेकाला चिट्टी लावलीय कुनाचा हाय त्येची."

कुणी चिठ्ठी वाचली नाही. पाचही फुटले. शेवटचा फोडणारा माणूस खाली वाकून बघत राहिला. मग त्यानं तुटलेली मूठ उचलली आणि म्हणाला, "आरं, ह्यो तं आपलाच हाय." पाचांपैकी तीन फोडणाऱ्यांच्याच घरचे निघाले. त्याचाही राग त्यांनी मिस्त्रींवरच काढला. दोन थोबाडीत. नवी कई गुरांच्या हौदात टाकली. मग ते परत फिरले आणि माझ्या शेजारून गेले. एकानं विचारलं, "संपली का वो बाई मालिका? बाण लागलेल्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

मी म्हणाले, "बघितली नाही."

पोलीस आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंही नाही.

मिस्त्री मार्च-एप्रिलात तीनदा शाळेत आले. फाटकाबाहेर उभे राहत. पहिल्यांदा मी म्हणाले, मुख्याध्यापकांशी बोलते. दुसऱ्यांदा म्हणाले, परीक्षा होऊ द्या. तिसऱ्यांदा मी वर्गातून निरोप पाठवला की बाई गेल्या. ते फाटकाशी अर्धा तास उभे होते. त्यांना माझी गाडीची वेळ माहीत होती.

कारण लिहून ठेवते. मी पूर्णेला बदली मागितली होती. मुलगी पाचवीत जाणार होती, घरी कुणी नव्हतं, आणि पावसाळ्यात चुडाव्याची वाट चालून माझे गुडघे गेले होते. माझा कागद वर जायला सरपंचांचा चांगला शब्द लागत होता. ते एकदा कार्यालयात आले, चहा प्याले आणि जाताना म्हणाले, "बाई, तुमचा कागद म्या आडवला न्हाई. तुमी बी गावाचा कागद फिरवू नका."

मे महिन्यात गिरणीच्या मालकांनी पट्टा नवा घातला आणि स्टार्टरही बदलला. कुणाला काही न बोलता. त्यांना ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी चित्र ठरलं. गावाला वाटलं, तार तोडल्याचा गुण थोडा उशिरा आला.

जूनमध्ये बदलीचा हुकूम आला. चार्ज देताना मी एकोणतीस वस्तूंची यादी केली. किल्ली, हार लावायचा खिळा, बूस्टर, सगळं. वस्तीची तार शाळेची वस्तू नव्हती.

पुढचं लोकांकडून कळलं. लोकांनी रेडिओ पूर्णेला दुरुस्तीला न्यायला सुरुवात केली. दिवाळीनंतर मिस्त्री आणि त्यांची बायको ऊसतोडीच्या टोळीत गेले. त्यांच्या घरातलं आधी कुणी गेलेलं नव्हतं. मग दर वर्षी जायला लागले.

यंदाच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. पूर्णेत एकीकडे मिरवणूक निघाली, दुसरीकडे दुकानं बंद झाली, आमची शाळा दोन दिवस बंद होती. मला ती वस्ती आठवली आणि मी नवीन पानावर काही लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये पूर्णा जंक्शनला, फलाटावर, मिस्त्री दिसले. ऊसतोडीहून टोळी परतत होती. गाठोडी, भांडी, कोयते गोणपाटात बांधलेले. मी त्यांना ओळखलं नाही, त्यांनी मला ओळखलं.

"बाई, नमस्कार."

"मिस्त्री? कसे आहात?"

"मिस्त्री कुटला आता," ते म्हणाले आणि हात पुढं केला. दाखवायला. बोटं जाड झाली होती, पेरांवर काळ्या चिरा. "बारीक तार धरत न्हाईत ही."

त्यांची बायको गाठोड्यावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करून रुळांकडे तोंड केलं.

मी विचारलं, "वस्तीवर वीज आली का?"

"तार तशीच हाय. खांबाला गुंडाळलेली. अर्ज दिला तर म्हनत्यात, तुमच्यावर तक्रार हाय, ती मागं घेतल्याबिगर जोडता येत न्हाई." मग ते हसले. "आता आकडा हाय बाई. पोरं टाकत्यात अंधार पडल्यावर. तवा न्हवता. तवा खरंच न्हवता."

"मला माहीत आहे."

"तुमालाच म्हाईत हाय," ते म्हणाले. "मोजलं व्हतं तुमी."

गाडीची घंटा झाली. टोळी गाठोडी उचलायला लागली. मिस्त्रींनी गोणपाट खांद्यावर घेतलं आणि जाता जाता विचारलं, "लिवून देताव का आता तरी? मंग पोरास्नी आकडा टाकावा लागनार न्हाई. एकाला झटका बसला मागल्या पंधरवड्यात. वाचला."

"देते," मी म्हणाले. "या आठवड्यात."

तो आठवडा एप्रिलातला होता. आज जूनची एकोणीस तारीख आहे. पत्र कोणाच्या नावानं लिहायचं ते मी चौकशी करून आणलं आहे. त्या विभागाचं कार्यालय पूर्णेतच आहे, माझ्या शाळेपासून दहा मिनिटांवर. वायरमन दुसरा आहे, पण तक्रार फाइलला आहे, माझ्या सहीची. सरपंच आता तालुक्याचं राजकारण करतात, आणि यंदा मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी माझं नाव गेलं आहे. कोरे कागद घरात आहेत. लिहायचं ते एवढंच, की २५ फेब्रुवारी १९९० रोजी मी खात्री केली असं लिहिलं, ती केलेली नव्हती. ती तक्रार मी मागे घेत आहे. वस्तीची तार जोडावी. खाली सही. पत्र अजून लिहायचं आहे.